आधी सोल, मग रेनकोट

जून तोंडावर आला की दुकानांत रेनकोट दर्शनी भागात येतात आणि बूट मागच्या रॅकवर जातात. पावसाळ्यात गडकिल्ले फिरणाऱ्यानं दुकानात शिरल्यावर सरळ मागचा रॅक गाठावा. पहिला पैसा बुटाच्या तळव्यात, दुसरा सॅकच्या आतल्या पिशवीत आणि उरेल तो अंगावरच्या जॅकेटात, असा माझा ठाम आग्रह आहे. त्याची कारणं शोधायला गेलं की ग्लासगोचा एक रसायनशास्त्रज्ञ भेटतो, स्वयंपाकघरातला नॉनस्टिक तवा भेटतो, असईची लढाई भेटते आणि भाताच्या खाचरात वाकलेली कोकणातली बाईही भेटते.

१०,००० मिलिमीटर म्हणजे किती पाऊस?

जॅकेटच्या टॅगवर ५,०००, १०,००० किंवा २०,००० मिमी असे आकडे असतात. हे पावसाचं माप आहे असं पुष्कळांना वाटतं. तसं असतं तर गोष्ट सोपी होती. महाबळेश्वरला अख्ख्या वर्षात सहा हजार मिमीच्या आसपास पाऊस पडतो. २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला, तेव्हा शहर बुडालं. मग दहा हजारांचं जॅकेट घेतलं की चिंता मिटली!

पण हा आकडा पाण्याच्या दाबाचा आहे. कापड घट्ट ताणून बसवतात, त्यावर पाण्याचा दाब हळूहळू वाढवत नेतात आणि तीन ठिकाणी थेंब फुटले की आकडा लिहून घेतात. १०,००० मिमी म्हणजे दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब, जवळपास दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. नुसत्या पावसाच्या थेंबाचा दाब याच्या जवळपासही नसतो. खरा दाब देतात ते सॅकचे पट्टे, ओल्या कातळावर टेकलेले गुडघे आणि चहा पिताना दगडावर टेकलेली बैठक. हलक्या जॅकेटात पाणी आधी खांद्यावर झिरपतं ते यामुळेच. दिवसभर जड सॅक पाठीवर असणार असेल तर मोठा आकडा कामाचा. छोट्या सॅकवाल्या एका दिवसाच्या ट्रेकला ५,००० पुरतात.

सुईचं भोक

टॅग वाचून झाला की जॅकेट आतून उलटं करा आणि दुकानातल्या दिव्याखाली धरा. प्रत्येक शिवणीवर बोटभर रुंदीची, किंचित चकाकणारी पट्टी चिकटवलेली दिसली पाहिजे. खांदा, काख, टोपी जोडलेली जागा, खिशाची आतली बाजू, सगळीकडे. नखानं पट्टीची कड हलकेच उचलून बघा. नव्या मालातच ती सुटत असेल तर दोन धुण्यांत सोलून येईल. काही कंपन्या फक्त खांद्यावर आणि टोपीवर पट्टी लावून मोकळ्या होतात. ते जॅकेट बाजारात जायला ठीक, गडावर नाही.

ही डोकेदुखी दोनशे वर्षांची आहे. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशनं १८२३ साली कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या नाफ्थ्यात रबर विरघळवून ते दोन कापडांच्या मध्ये थापलं आणि जलरोधक कापडाचं पेटंट घेतलं. कापड उत्तम, पण शिंपी कोट शिवायला बसले की सुईच्या हजारो भोकांतून पाणी आत! शिवाय उन्हात ते कोट चिकट व्हायचे, थंडीत कडक व्हायचे आणि त्यांना वासही भयंकर यायचा. १८४० च्या दशकात रबर गंधकासोबत तापवण्याची युक्ती, म्हणजे व्हल्कनायझेशन, रुळली, तेव्हा कुठे चिकटपणा गेला. आपल्याकडे १९२० मध्ये कोलकात्यात सुरेंद्रमोहन बोस यांनी बेंगॉल वॉटरप्रूफचा स्वदेशी कारखाना काढला. त्याच कारखान्याच्या डकबॅक रेनकोटात आणि दप्तरांत आपल्या कितीतरी शाळकरी पिढ्यांचे पावसाळे गेले.

तव्याची बहीण

महागड्या जॅकेटातला गोर-टेक्सचा मूळचा पडदा आणि नॉनस्टिक तव्यावरचा टेफ्लॉन ही सख्खी भावंडं. दोन्हींचं मूळ द्रव्य एकच, पीटीएफई. तेही १९३८ साली अपघातानं सापडलेलं. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर पीटीएफईच्या तापवलेल्या कांड्या हलक्या हातानं ताणत होता आणि त्या तुटत होत्या. वैतागून त्यानं एक कांडी हिसडा देऊन ओढली, तर ती न तुटता दहापटीच्या आसपास लांब झाली. त्या हिसड्यानं पदार्थात सूक्ष्म छिद्रांचं जाळं तयार झालं, एका चौरस इंचात सुमारे ९०० कोटी छिद्रं. पाण्याच्या थेंबाच्या मानानं छिद्र वीस हजार पट लहान, वाफेच्या रेणूच्या मानानं सातशे पट मोठं. पाऊस बाहेर राहतो, घामाची वाफ निघून जाते. १९७६ मध्ये हे कापड बाजारात आलं.

आता सह्याद्रीपुरती महत्त्वाची गोष्ट. वाफ बाहेर जायची तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी हवी. हिमालयात, युरोपात ती पुष्कळदा असते. जुलैत राजमाचीच्या किंवा हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर ढग अंगावरून जात असतात, हवा पाण्यानं गच्च भरलेली असते आणि चढ छातीवरचा. घाम एवढा येतो आणि वाफेला जायला इतकी कमी वाट राहते की पंधरा-वीस हजार रुपयांचं जॅकेटही आतून ओलं होतं. तेव्हा हिमालयात जाणार असाल तर हा खर्च जरूर करा, तिथे तो जिवाला आधार देतो. फक्त सह्याद्रीसाठी साधं, शिवणींवर पट्टी असलेलं आणि काखेत चेन असलेलं जॅकेट घ्या. चढाला काखेतल्या त्या दोन चेन उघडल्या की जो वारा आत खेळतो, तो कुठल्याही पडद्यापेक्षा जास्त घाम वाळवतो.

रंग मात्र भडक निवडा: नारिंगी, पिवळा, लाल. धुक्यात हिरवं किंवा करडं जॅकेट दहा पावलांवर नाहीसं होतं. आणि टोपी घालून मान डावीकडे-उजवीकडे वळवून बघा. टोपी मानेबरोबर फिरली पाहिजे, नाहीतर अरुंद वाटेवर बाजूची दरी दिसायची बंद होते.

इरलं आणि घोंगडी

हवा खेळती ठेवण्याची ही अक्कल कोकणात आणि मावळात आधीपासून होती. इरलं बघा. बांबूच्या कामट्यांची विणलेली चौकट, तिच्या दोन थरांमध्ये रुंद पानं दाबून बसवलेली, हल्ली पानांच्या जागी प्लॅस्टिकचा कागद. डोक्यावरून पाठीवर उतरणारं हे कवच कासवाच्या पाठीसारखं दिसतं. लावणी करणारी बाई कमरेतून वाकलेली असते, म्हणजे पाऊस पडणार पाठीवर. तेवढीच पाठ झाकायची. दोन्ही हात रोपांसाठी मोकळे आणि खालून सगळा वारा. ज्या कामासाठी ते बनवलं, त्या कामाला इतकं नेमकं बसणारं पावसाळी वस्त्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

ट्रेकला त्याचा जवळचा नातेवाईक म्हणजे पोंचो. सॅकसकट सगळं झाकतो आणि बाजूनं उघडा असतो. जंगलातल्या वाटांना, पठारांना मस्त. कड्यावर, कातळटप्प्यावर मात्र तो काढून ठेवायचा, कारण वारा त्याचं शीड करतो आणि पायाखालची पायरी दिसत नाही.

घोंगडीची करामत वेगळी. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तिसरा हिस्सा बाष्प पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही, आणि भिजली तरी ऊब पूर्ण सोडत नाही. सुती कपडा याच्या अगदी उलट: पाणी धरून ठेवतो आणि अंगाची उष्णता ओढून नेतो. म्हणून जीन्स आणि सुती टी-शर्ट घरी ठेवावेत. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगानं उष्णता नेतं. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटरवर आहे आणि दर किलोमीटरला साडेसहा अंशांच्या आसपास तापमान उतरतं. वर ओल्या अंगानं वाऱ्यात अर्धा तास थांबावं लागलं, तर हायपोथर्मिया व्हायला बर्फ लागत नाही. आधी कुडकुडणं, मग जीभ जड होणं आणि बोटांनी चेन न लागणं ही त्याची चिन्हं सोबत्यांनी एकमेकांत बघत राहावीत.

यावरचा उपाय जॅकेटात नाही, सॅकमध्ये आहे. एक कोरडा जोड आणि उबदार थर जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड पिळून, दुमडून, बांधून. सॅकवरचं कव्हर वाऱ्यात फडफडतं, पाठीच्या बाजूनं पाणी आत येतंच. आतली पिशवी मात्र दगा देत नाही आणि ती किराणा दुकानातही मिळते.

थेंब पसरू लागले तर

नव्या जॅकेटवर पाण्याचे मोती घरंगळतात ते वरच्या रासायनिक लेपामुळे. लेप झिजला की वरचं कापड पाणी पितं, जॅकेट जड आणि गार लागतं आणि माणूस म्हणतो, गळतंय. बरेचदा ते गळत नसतं. मळ आणि साबणाचा अंश काढून, नीट खळबळून, लेबलवर परवानगी असेल तर मंद आचेची इस्त्री मधे फडकं ठेवून फिरवली की मोती परत येतात. फॅब्रिक सॉफ्टनर मात्र कधीही नको.

मनगटावरच्या वेल्क्रोकडेही लक्ष असू द्या. जॉर्ज द मेस्त्राल या स्विस गृहस्थाला वेल्क्रो सुचलं ते १९४१ मध्ये कुत्र्याच्या केसांत अडकलेली आकडेवाली बोंडं पाहून. आपल्याकडे पावसाळा सरता सरता गवताची कुसळं त्याच आकड्यांत जाऊन बसतात आणि पट्टी लागेनाशी होते. जुन्या टूथब्रशनं ती निघतात.

आता मागचा रॅक

वॉटरप्रूफ बूट सह्याद्रीच्या पावसाळ्यात बहुधा नको. पाणी तळव्यातून येत नाही, वरून येतं. ओढा गुडघाभर, बूट घोट्याभर. एकदा आत शिरलेलं पाणी त्या जलरोधक अस्तरामुळे बाहेर पडत नाही आणि उरलेला दिवस पाय डबक्यात. त्यापेक्षा जाळीदार बूट घ्या, चार पावलांत पाणी पिळून टाकणारा. लोकरीचे किंवा सिंथेटिक मोजे आणि मुक्कामासाठी कोरडा जोड.

गमबूट? त्याचं ‘वेलिंग्टन’ हे ब्रिटिश नाव वेलिंग्टनच्या ड्यूकवरून आलं, आणि ड्यूक होण्याआधीचा हाच आर्थर वेलस्ली १८०३ मध्ये नगरचा किल्ला घेऊन २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला मराठी फौजांशी लढला होता. त्याचे बूट चामड्याचे होते. रबराचे आले १८५० च्या दशकात. चिखलाच्या शेतात गमबूट हवाच. डोंगरउतारावर त्यात पाय आतल्या आत सरकतो आणि पाणी भरलं की तो उचलवत नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट पकड. १९३५ मध्ये आल्प्समधल्या पुंता रासिकावर हवामान फिरलं आणि सहा इटालियन गिर्यारोहक थंडीनं गेले. चढाईसाठी त्यांनी घातलेले पातळ तळव्याचे जोडे त्या बर्फात निकामी ठरले. त्यांचा साथीदार विताले ब्रामानी यानं १९३७ पर्यंत खोल नक्षीचा रबरी सोल बनवला, तोच व्हिब्राम. १९५४ मध्ये के-टूच्या पहिल्या यशस्वी चढाईत हेच सोल होते.

तरीही केवळ नावावर बूट घेऊ नका. खोल नक्षी चिखलात धरते. आपल्या बसॉल्टवरच्या ओल्या, गुळगुळीत कातळावर रबराचा मऊपणा जास्त कामाचा. अंगठ्याचं नख सोलमध्ये दाबा. खूण उमटून हळूहळू भरून आली तर रबर मऊ. प्लॅस्टिकसारखं टणक लागलं तर बूट कितीही देखणा असो, परत ठेवा. ॲक्शन कंपनीच्या साध्या, स्वस्त ट्रेकिंग बुटांनी इथल्या भटक्यांच्या कित्येक पिढ्यांचा विश्वास कमावला तो पकडीच्याच जोरावर. शेवाळावर मात्र कुठलाच सोल टिकत नाही. तिथे पाऊल बाजूला टाकायचं.

खरेदीला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. ट्रेकचेच मोजे घाला. दुकानात उतरती फळी किंवा जिना असेल तर उतरून बघा. अंगठा पुढे टेकला तर अर्धा नंबर वाढवा, नाहीतर उतारावर नखं काळी पडतील.

आणि मेमध्ये माळ्यावरचा जुना जोड उतरवून तपासा. बऱ्याच बुटांचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. दमट हवेत बाष्प त्याच्या रासायनिक साखळ्या तोडत राहतं, म्हणून वर्षानुवर्षं खोक्यात जपलेला बूट वरून नवा दिसतो आणि पहिल्याच चढाला त्याचा सोल निघून हातात येतो. मधला थर अंगठ्यानं दाबा, बूट वाकवा. भेगा पडल्या किंवा भुगा निघाला तर तो जोड गेला. थर शाबूत असेल आणि फक्त कड सुटत असेल, तर मोच्याकडून सोलला चारी बाजूंनी बाहेरून शिलाई मारून घ्या आणि सॅकच्या खिशात दोन केबल टाय टाका. शिलाईच्या भोकांतून पाणी आत येईल, पण पावसाळी बुटाला तेवढं पाणी चालतं.