हेम्पची सेंद्रिय लागवड आणि घरगुती बी-प्रक्रिया : परवाना, पद्धत आणि उपलब्ध योजना

हेम्पच्या शेतीबद्दल आणि ‘सीबीडी तेला’बद्दल सध्या अनेक दावे ऐकायला मिळतात. काही ठिकाणी बियाणे घरपोच देण्याची जाहिरातही केली जाते. पैसे भरण्यापूर्वी हा लेख पूर्ण वाचा. परवान्याशिवाय या पिकाचे एक झाड लावणे हाही गुन्हा ठरू शकतो. परवाना असेल तर मात्र बियांपासून घरच्या घरी चांगले खाद्यपदार्थ तयार करता येतात.

हेम्प म्हणजे नेमके कोणते पीक?

हेम्प हे भांगेच्याच जातीचे झाड आहे. त्यात नशा आणणारा टीएचसी हा घटक अत्यल्प असतो, म्हणून त्याला औद्योगिक भांग असेही म्हणतात. महाराष्ट्रात घेतली जाणारी अंबाडी आणि ताग यांनाही इंग्रजी नावांत ‘हेम्प’ म्हटले जाते. ही दोन्ही पिके वेगळी आहेत आणि त्यांना असा परवाना लागत नाही. बियाणे विकत घेताना नावावरून गोंधळ होऊ देऊ नका.

कायदा काय सांगतो?

अमली पदार्थविषयक कायदा (एनडीपीएस), 1985 नुसार भांगेच्या झाडाची विनापरवाना लागवड केल्यास 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. याच कायद्याच्या कलम 14 मध्ये फक्त धागा किंवा बी मिळवण्यासाठी लागवडीस परवानगी देण्याची तरतूद आहे.

उत्तराखंडने 2018 मध्ये औद्योगिक हेम्पच्या व्यावसायिक लागवडीस परवानगी दिली. असे करणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. तिथे पिकातील टीएचसीचे प्रमाण 0.3 टक्क्यांपेक्षा जास्त आढळल्यास पीक नष्ट केले जाते. एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात चालत नाही. त्यामुळे महाराष्ट्र, गोवा किंवा अन्य राज्यांतील वाचकांनी उत्तराखंडचा नियम आपल्याला लागू आहे असे समजू नये. आपल्या राज्यात परवानगी आहे का, हे जिल्हाधिकारी कार्यालय किंवा राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे लेखी विचारा.

बी तुमचे, फुलोरा नाही

कायद्याच्या व्याख्येत झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा. फुलोऱ्यापासून वेगळ्या केलेल्या बिया आणि पाने या व्याख्येत येत नाहीत. म्हणजेच पोत्यात बियांबरोबर फुलोऱ्याचे तुरे राहिले, तर तो माल कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. म्हणून मळणी आणि स्वच्छता ही या पिकातील सर्वांत महत्त्वाची कामे आहेत.

सीबीडी मुख्यतः फुलोऱ्यात आणि पानांत असते. बियांत ते जवळजवळ नसते. त्यामुळे बियांचे तेल हे सीबीडी तेल नाही आणि ते त्या नावाने विकू नये. फुलोऱ्यापासून अर्क काढणे हे घरी करण्याचे काम नाही. अशा औषधी उत्पादनांसाठी स्वतंत्र औषध परवाना लागतो.

सेंद्रिय लागवड : परवानाधारकांसाठी

1. बियाणे : कमी टीएचसी असलेले, रासायनिक प्रक्रिया न केलेले बियाणे अधिकृत स्रोताकडूनच घ्या व पावती जपून ठेवा. या झाडाचे परागीकरण वाऱ्याने होते. परिसरातील जंगली भांगेचे पराग आल्यास त्या बियांपासून उगवणाऱ्या पुढील पिकात टीएचसी वाढू शकते. म्हणून घरचे बी दरवर्षी पेरू नका.
2. जमीन : निचरा होणारी, भुसभुशीत जमीन निवडा. पाणी साचल्यास रोपे पिवळी पडतात.
3. पेरणी : बी साधारण 2 ते 3 सेंटीमीटर खोल पेरा.
4. खत : चांगले कुजलेले शेणखत, गांडूळ खत आणि जीवामृत वापरा. सुरुवातीची खुरपणी वेळेवर करा. झाडे एकदा उंच झाली की तण आपोआप दबते.
5. शेजारच्या शेतातील फवारणी आपल्या पिकावर येऊ नये म्हणून बांधालगत पट्टा मोकळा सोडा.
6. काढणी : सर्व बिया एकदम पिकत नाहीत आणि पिकलेल्या बिया गळतात. बहुतांश बिया टणक व करड्या-तपकिरी झाल्या की काढणी करा. पक्ष्यांपासून राखण आवश्यक आहे.

घरी बियांवर प्रक्रिया कशी करावी?

उत्तराखंडच्या कुमाऊँ आणि गढवाल भागात या बियांची चटणी पूर्वीपासून रोजच्या जेवणात आहे. पद्धत साधी आहे.

- तुरे ताडपत्रीवर झोडून बी वेगळे करा. सुपाने पाखडा आणि बारीक चाळणीने चाळा. चिकट कोंडा व फुलोऱ्याचे तुकडे पूर्ण काढून टाका. बियांवर चिकटलेल्या याच धुळीतून टीएचसी येते.
- मळणीनंतर उरलेला फुलोरा विकू नका, कुणाला देऊ नका. परवान्यातील अटींप्रमाणे त्याची विल्हेवाट लावा.
- बी स्वच्छ पाण्यात झटपट धुऊन सावलीत पातळ पसरून पूर्ण वाळवा. ओलसर बीला बुरशी लागते.
- चटणीसाठी मंद आचेवर हलके भाजा आणि वाटा. जास्त भाजल्यास कडवटपणा येतो.
- तेलासाठी लाकडी घाणा योग्य. तेल लवकर खवट होते, म्हणून गडद रंगाच्या बाटलीत, थंड जागी ठेवा. तळणासाठी वापरू नका. तयार भाजीवर किंवा कोशिंबिरीवर घाला. उरलेली पेंडही प्रथिनयुक्त असते.

विक्री करायची असल्यास

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने नोव्हेंबर 2021 मध्ये हेम्पच्या बिया, बियांचे तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. टीएचसीची मर्यादा बियांसाठी प्रति किलो 5 मिलिग्रॅम, तर तेलासाठी प्रति किलो 10 मिलिग्रॅम आहे. विक्रीपूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्या. उलाढालीनुसार अन्न नोंदणी किंवा परवाना फॉसकॉस पोर्टलवर मिळतो. वेष्टनावर झाडाच्या पानाचे चित्र किंवा नशा सूचित करणारा मजकूर छापू नका.

कोणत्या योजनांचा लाभ घेता येईल?

- परंपरागत कृषी विकास योजना : शेतकरी गटांना सेंद्रिय शेतीसाठी 3 वर्षांत प्रति हेक्टर 31,500 रुपयांचे साहाय्य. त्यातील 15,000 रुपये निविष्ठांसाठी थेट शेतकऱ्याच्या खात्यात जमा होतात. ईशान्येकडील राज्यांसाठी वेगळी योजना आहे.
- पीजीएस-इंडिया : शेतकरी गटाने एकमेकांच्या शेतांची पाहणी करून सेंद्रिय प्रमाणपत्र मिळवण्याची पद्धत. यासाठी निविष्ठा व फवारणीची नोंदवही आवश्यक.
- पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना : पात्र प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपयांचे कर्जसंलग्न अनुदान. बचत गटातील प्रत्येक सदस्यास 40,000 रुपयांपर्यंत बीजभांडवल. घाणा, चाळणी यंत्र यांसारख्या साधनांबाबत आणि योजनेच्या चालू मुदतीबाबत जिल्हा संसाधन व्यक्तीकडे चौकशी करा.

यांपैकी कोणत्याही योजनेची मंजुरी किंवा सेंद्रिय प्रमाणपत्र म्हणजे लागवडीचा परवाना नव्हे.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

*परसात दोन-चार झाडे लावली तर चालतील का?*
नाही. झाडांची संख्या कमी असली तरी परवाना लागतो.

*कंपनी बियाणे देऊन माल विकत घेण्याची हमी देते. करार करावा का?*
आधी जिल्हा कार्यालयाकडून तुमच्या नावाचा, तुमच्या गट क्रमांकाचा परवाना घ्या. कंपनीकडे असलेला परवाना तुमच्या शेताला संरक्षण देत नाही.

*माझ्या राज्यात परवानगी नाही. तरी बियांचा उद्योग करता येईल का?*
होय. वैध मार्गाने, बिलासह घेतलेल्या स्वच्छ खाद्य बियांवर प्रक्रिया करता येते. त्यासाठी अन्न नोंदणी किंवा परवाना आवश्यक आहे.

लक्षात ठेवा : आधी परवाना, मग बियाणे, त्यानंतर कर्ज. हा क्रम बदलू नका. परवाना, बियाण्याची पावती आणि तपासणी अहवाल यांच्या प्रती घरी व शेतावर, दोन्ही ठिकाणी ठेवा.