टिपूचा वाघ : दरबारातील यांत्रिक योद्धा

म्हैसूरनजीकच्या श्रीरंगपट्टणचा किल्ला ४ मे १७९९ रोजी पडून टिपू सुलतान रणांगणी कामी आल्यावर, त्याच्या राजवाड्यातून जप्त झालेल्या ऐवजात इंग्रजांना जी सर्वांत विलक्षण चीज गवसली, ती म्हणजे उताण्या पडलेल्या युरोपीय पुरुषाच्या गळ्याशी झोंबणारा, रंगीत लाकडाचा, सुमारे पावणेदोन मीटर लांबीचा वाघ होय. व्याघ्र हे टिपूचे राजचिन्ह असून त्याच्या सिंहासनावर, शस्त्रांवर आणि शिपायांच्या पोशाखावर ते अंकित असे. सबब या झुंजीत वाघाच्या रूपाने प्रत्यक्ष सुलतानच शत्रूवर तुटून पडला आहे, हा आशय दरबारात कोणासही उघड होता.

रचना : बाजूची मूठ फिरविताच भात्यांतील हवेने वाघाची डरकाळी व माणसाचा आक्रोश उमटे आणि माणसाचा हात वर-खाली होई; वाघाच्या कुशीतील झडपेमागे बसविलेला लहानसा ऑर्गन बोटांनी वाजविता येई.

प्रवास : १८०८ मध्ये लंडनच्या ईस्ट इंडिया हाउसमध्ये प्रदर्शनार्थ मांडलेली ही लूट आज तेथीलच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या संग्रही आहे.