नाव कळलं म्हणून जीभ आवरत नाही

"प्रत्येकाच्या अकाउंटला आधार जोडा एकदा, मग बघा कशी तोंडं बंद होतात!" सोशल मीडियावरच्या शिवीगाळीचा विषय निघाला की हे वाक्य हमखास कानावर येतं. लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीत, चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून. 2018 साली मद्रास उच्च न्यायालयात अशी मागणी करणारी याचिकाही दाखल झाली होती. माणूस नाव लपवतो म्हणून वाईट वागतो आणि नाव उघड झालं की सुधारतो, असा हा समज. ऐकायला पटतो. पण एका देशाने हा प्रयोग पूर्ण करून पाहिला आहे आणि तो फसला आहे.

तो देश दक्षिण कोरिया. तिथे 2007 साली कायदा झाला, की मोठ्या संकेतस्थळांवर कमेंट करायची तर आधी आपला नागरिक क्रमांक देऊन ओळख पटवायची. म्हणजे आपण आज 'आधार जोडा' म्हणतो तेच. पुढे तिथल्या दूरसंचार आयोगाच्याच अभ्यासात दिसलं, की आक्षेपार्ह कमेंट कमी झाल्या त्या जेमतेम 0.9 टक्क्याने. लोकांची ओळख मात्र संकेतस्थळांकडे साठत गेली. जुलै 2011 मध्ये तिथल्या एका मोठ्या कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे साडेतीन कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली. कोरियाची लोकसंख्या पाच कोटींच्या आसपास! ऑगस्ट 2012 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने हा कायदा एकमताने रद्द केला.

तरीही कुणी म्हणेल, कोरियाचं वेगळं असेल. मग जर्मनीचं बघा. तिथल्या एका ऑनलाइन याचिका-मंचावरच्या पाच लाखांहून अधिक कमेंट संशोधकांनी तपासल्या आणि 2016 साली 'प्लॉस वन' या नियतकालिकात निष्कर्ष छापले. खऱ्या नावाने लिहिणारे लोक निनावी लोकांपेक्षा जास्त आक्रमक निघाले. कारण उघड आहे. आपण अन्यायाविरुद्ध लढतोय असं ज्याला वाटतं, त्याला नाव लपवावंसं वाटतच नाही. त्याला ते मिरवायचं असतं. 2021 च्या युरो फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यानंतर इंग्लंडच्या कृष्णवर्णीय खेळाडूंना वर्णद्वेषी शिव्या पडल्या. त्यापायी ट्विटरने जी खाती कायमची बंद केली, त्यातल्या 99 टक्के खात्यांची ओळख पटण्यासारखी होती, असं ट्विटरनेच सांगितलं.

एवढ्या लांबही जायला नको. मागच्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टँकरच्या हिशेबावरून वाद पेटला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी फक्त पावत्या मागितल्या होत्या. रात्री साडेअकराला एका गृहस्थांनी त्यांच्या नवऱ्याच्या आजारपणावर घसरून जे लिहिलं, ते इथे देववत नाही. लिहिणाऱ्याचं नाव, नंबर, फ्लॅट सगळ्यांना ठाऊक; डीपीवर मांडीत नातू. त्या मेसेजखाली सात अंगठे उमटले. दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टपाशी याच गृहस्थांनी काकूंच्या हातातली भाजीची पिशवी धरली आणि दार उघडून दिलं.

रात्री नाव होतं, चेहरा नव्हता. सकाळी चेहरा होता. हैफा विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी नेमकं हेच तपासलं आणि 2012 साली मांडलं. निनावीपणा, समोरचा न दिसणं आणि नजरेला नजर नसणं, या तिन्हींत माणसाला उद्धट करण्यात सर्वांत मोठा वाटा नजरेला नजर नसण्याचा होता.

आणि ते सात अंगठे? त्यांचं उत्तर जुन्या प्रयोगांत आहे. मानसशास्त्रज्ञ फिलिप झिम्बार्डो यांनी 1969 साली दाखवलं, की चेहरा झाकलेल्या मुली समोरच्या व्यक्तीला जास्त वेळ विजेचा झटका देतात (झटके खोटे होते, मुलींना ते ठाऊक नव्हतं). हा प्रयोग सगळे सांगतात. 1979 चा पुढचा प्रयोग मात्र कुणी सांगत नाही, याचा मला खरोखर राग येतो. त्यात ओळख झाकलेल्या काही स्त्रियांना कू क्लक्स क्लॅन या अमेरिकेतल्या वर्णद्वेषी संघटनेसारखे झगे दिले, काहींना नर्सचा गणवेश. नर्सच्या वेशातल्या स्त्रियांनी ओळख झाकलेली असताना झटके आणखी कमी केले. म्हणजे नाव झाकलं, किंवा गर्दीत विरून गेलं, की माणूस ज्या कळपात उभा असतो त्या कळपासारखा वागतो. कळप सेवेचा असेल तर सेवा, चाबकाचा असेल तर चाबूक.

धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवा. 1 जुलै 2018 रोजी मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून तिथे जमावाने पाच निरपराध माणसांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी माणसं. अशा अफवा त्या वर्षी व्हॉट्सअॅपवरून पसरत होत्या. व्हॉट्सअॅपवर प्रत्येक मेसेजमागे कुणाचा तरी नंबर असतो, बहुतेकदा ओळखीच्याच माणसाचा. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. म्हणजे लगाम घालायचा होता तो अफवेच्या वेगाला.

आणखी काही समज. 'निनावी माणूस सापडतच नाही': अनेकदा सापडतो, आयपी अॅड्रेस आणि मोबाइल क्रमांक माग सोडतात. 'निनावी धमकीला कायदा नाही': 1860 च्या दंडसंहितेत होता, आजच्या भारतीय न्याय संहितेतही आहे, आणि धमकी निनावी असेल तर शिक्षा वाढते. 'ट्रोल ही वेगळीच जमात': 2017 च्या एका अमेरिकी अभ्यासात बिघडलेला मूड आणि आधीच्या शिवराळ कमेंट एवढ्यावर साधी माणसंही घसरली. 'सभ्य माणसाला नाव लपवायचं कारणच काय': सरकारी नोकरीत असलेल्या गोपाळ हरी देशमुखांनी 1848 पासून 'प्रभाकर'मध्ये शतपत्रं लिहिली ती 'लोकहितवादी' या टोपणनावाने.

हे शेवटचं विसरू नका. सासरी मार खाणारी बाई, दारू सोडू पाहणारा माणूस, साहेबाचा भ्रष्टाचार पाहिलेला कारकून, आपलं मन कुणाकडे उघडावं हे न कळलेला समलिंगी मुलगा: नावाची सक्ती झाली की सर्वांत आधी गप्प होतील ते हे. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांची तक्रार आजही नाव न सांगता करता येते.