विंचू चावतो पायाला, ओझे पडते हृदयावर

आगरदांडा हे रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यातले, राजपुरी खाडीच्या काठचे बंदर. धक्क्यावर उभे राहिले की पलीकडचे दिघी अगदी हाकेच्या अंतरावर आहे असे वाटते. फेरीबोट चालू असेल तर माणसे आणि मोटारी थोड्याच वेळात पलीकडे जातात. बोट नसेल तर मात्र खाडीला मोठा वळसा घालावा लागतो. अशा किनाऱ्यावर दवाखाना किती किलोमीटरवर आहे, यापेक्षा तिथे पोचायला किती वेळ लागेल, हाच प्रश्न खरा असतो.

या लेखात आपण हृदयाच्या अशा एका विकाराची ओळख करून घेणार आहोत, ज्यात हा वेळच जीवनमरण ठरवतो. हा विकार म्हाताऱ्यांचा नाही. त्याला सर्वांत जास्त बळी पडतात ती लहान मुले. त्याची सुरुवात होते ती लाल विंचवाच्या दंशाने. त्यावरचा उपाय शोधला गेला तोही याच रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात सुरू झालेल्या कामातून.

कोणता विंचू?

कोकणात दोन तऱ्हेचे विंचू लोकांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. एक मोठा, काळा, जाडजूड चिमट्यांचा. त्याला इंगळी म्हणतात. दुसरा लहान, तांबूस, बारीक चिमट्यांचा. आकारामुळे इंगळीचीच भीती जास्त वाटते. प्रत्यक्षात जिवाला धोका असतो तो लहान लाल विंचवाकडून. याचे शास्त्रीय नाव हॉटेन्टोटा टॅम्युलस. जुन्या पुस्तकांत ते मेसोब्यूथस टॅम्युलस असे सापडेल. ज्या विंचवाचे चिमटे दणकट, तो भक्ष्य चिमट्यांनी दाबून मारू शकतो. ज्याचे चिमटे नाजूक, त्याला विषावरच अवलंबून राहावे लागते. हा ढोबळ नियम आहे, पण विद्यार्थ्यांना विचार करायला लावणारा आहे.

विंचू निशाचर असतो. दिवसा तो दगडांच्या आणि चिऱ्यांच्या ढिगात, पेंढ्यात, सरपणात, कौलांच्या थराखाली दडून बसतो. म्हणूनच सरपण काढताना, भाताची झोडणी करताना, किंवा अंधारात अनवाणी चालताना दंश होतो. अंथरुणात किंवा बुटात शिरलेला विंचूही पुष्कळांना चावतो.

विष काय करते?

आपल्या चेतातंतूंतून संदेश जातो तो विजेच्या रूपाने. तंतूच्या आवरणात अतिसूक्ष्म दारे असतात. ती उघडली की सोडियमचे आयन आत शिरतात आणि संदेश पुढे सरकतो. मग दारे मिटतात आणि तंतू पुन्हा तयार होतो. लाल विंचवाच्या विषातील काही प्रथिने ही दारे नीट मिटू देत नाहीत. परिणामी, कोणी बटण दाबून धरावे आणि घंटा वाजतच राहावी, तसे चेतातंतू सतत संदेश पाठवत राहतात.

हा गोंधळ विशेषतः स्वायत्त चेतासंस्थेत होतो, म्हणजे आपल्या इच्छेशिवाय हृदय, रक्तवाहिन्या आणि ग्रंथी चालवणाऱ्या यंत्रणेत. आधी उलट्या, भरपूर घाम, लाळ गळणे, आणि मुलगे व पुरुष यांच्यात लिंग ताठरणे ही लक्षणे दिसतात. पाठोपाठ मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून आणि चेतातंतूंच्या टोकांतून अॅड्रिनॅलिन आणि त्याच्या जातीची द्रव्ये रक्तात लोटली जातात. भीती वाटल्यावर छाती धडधडते, हातपाय गार पडतात, ते याच द्रव्यांमुळे. इथे मात्र त्यांचा पूरच येतो.

या द्रव्यांना रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर ठरावीक जागा असतात. त्यांना आल्फा ग्राही म्हणतात. किल्ली कुलपात बसावी तशी ही द्रव्ये तिथे बसतात आणि वाहिनीभोवतीचे स्नायू आवळले जातात. वाहिन्या अरुंद होतात आणि रक्तदाब एकदम चढतो. हृदयाला आता अरुंद झालेल्या नळ्यांतून रक्त ढकलायचे असते. डावा कप्पा थकतो, रक्त मागे फुप्फुसांत तुंबते आणि त्यातला द्रव फुप्फुसातल्या वायुकोशांत पाझरू लागतो. रुग्णाला धाप लागते, खोकल्याबरोबर गुलाबी फेस येतो. लोक म्हणतात, विष चढले. खरे तर विंचवाने पायाला डंख मारला आणि माणूस आपल्याच फुप्फुसातल्या पाण्यात बुडू लागला.

नळी अरुंद झाली तर

नळीतून द्रव वाहतो तेव्हा नळीच्या रुंदीचे महत्त्व किती, हे फ्रेंच वैद्य प्वाझय याने एकोणिसाव्या शतकात काचेच्या बारीक नळ्या घेऊन मोजले. त्याचा नियम असा: बाकी सर्व तेच राहिले, तर प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. त्रिज्या केवळ १० टक्क्यांनी घटली, तरी प्रवाह ६६ टक्क्यांवर येतो. रक्त पाण्यासारखे साधे नाही आणि वाहिन्या काचेसारख्या ताठ नाहीत, त्यामुळे शरीरात आकडे तंतोतंत असेच मिळणार नाहीत. पण वाहिन्या थोड्याशा आवळल्याने हृदयावर एवढा बोजा का पडतो, ते यावरून कळते.

वर्गात शीतपेयाची एक जाड नळी आणि एक बारीक नळी सारख्या लांबीची कापून घ्या. दोन्हींतून आळीपाळीने फुंकर घालून पाहायला सांगा. बारीक नळीशी गालांना पडणारा ताण मुलांच्या लक्षात राहतो.

बिरवाडीतील निरीक्षणे

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेले रुग्ण तिथे वरचेवर येत आणि त्यातले काही डोळ्यांदेखत दगावत. पाठ्यपुस्तकांत याविषयी फारसे काही नव्हते. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे वेगवेगळी इंजेक्शने दिली जात, पण मृत्यू थांबत नसत.

त्यांनी रुग्णांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली: दंश केव्हा झाला, उलटी केव्हा झाली, घाम किती, हातपाय गार आहेत का, नाडी किती, रक्तदाब किती, पुढे काय झाले. या नोंदींतून एक क्रम दिसू लागला. उलट्या, घाम आणि गार हातपाय ही पुढे येणाऱ्या हृदयविकाराची आगाऊ सूचना होती. ही निरीक्षणे १९८२ मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाली.

मूळ बिघाड रक्तवाहिन्या आवळल्याने होत असेल, तर त्या सैल करणारे औषध उपयोगी पडावे, हा पुढचा तर्क होता. सोडियम नायट्रोप्रुसाइड हे तसे औषध आहे. पण ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यावे लागते आणि सतत पहारा ठेवावा लागतो. खेड्यातल्या दवाखान्यात ते कसे जमणार? उच्च रक्तदाबासाठी वापरात असलेली प्राझोसिनची गोळी मात्र स्वस्त होती आणि तोंडाने देता येत होती. ती नेमकी आल्फा ग्राहींवर जाऊन बसते. कुलपात आधीच दुसरी किल्ली अडकवून ठेवली, तर अॅड्रिनॅलिनच्या किल्लीला जागा उरत नाही. वाहिन्या सैल पडतात आणि हृदयावरचे ओझे उतरते. डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा प्राझोसिनवरील अहवाल १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला.

त्यांच्या मांडणीनुसार, प्राझोसिनपूर्वीच्या काळात गंभीर लक्षणांच्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत. गोळीचा वापर रुळल्यावर हे प्रमाण १ टक्क्याच्याही खाली गेले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

गुण आला, पण कशाने?

इथे एक शंका चिकित्सक विद्यार्थ्याच्या मनात यायला हवी. गावातला मांत्रिकही म्हणतो, माझ्या हाताला गुण आहे. मग दोघांत फरक काय?

समजा, विंचू चावलेल्या १०० माणसांपैकी ९० जणांना फक्त वेदना होतात आणि त्या काही तासांत आपोआप ओसरतात. या ९० जणांवर मंत्र टाका, पाला लावा किंवा काहीच करू नका, ते बरे होणारच. मांत्रिकाला शंभरात नव्वद यश मिळाले असे दिसेल. ज्या दहा जणांचे हृदय धोक्यात आहे, त्यांचे काय झाले हा खरा प्रश्न. तो विचारायचा तर सर्व रुग्णांची नोंद हवी, गंभीर रुग्ण वेगळे काढायला हवेत आणि तुलनेसाठी दुसरा गट हवा.

‘आधी आणि नंतर’ ही तुलनाही पूर्ण निर्दोष नसते. मधल्या वर्षांत रस्ते सुधारतात, लोक लवकर येऊ लागतात, त्याचाही परिणाम होतो. म्हणून एकाच काळातल्या रुग्णांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट करणे ही अधिक भरवशाची पद्धत. विंचवाच्या विषावरची प्रतिविष लस आल्यावर बावस्कर दांपत्याने हेच केले. ७० रुग्ण, प्रत्येक गटात ३५. एका गटाला फक्त प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिविष. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष आले. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात ३५ पैकी ८, दुसऱ्या गटात ३५ पैकी ३२. बरे होण्यास लागलेला सरासरी वेळ पहिल्या गटात १७.७ तास, दुसऱ्यात ८ तास.

मात्र याच चाचणीत प्रकृती आणखी बिघडलेल्या रुग्णांची संख्या दोन्ही गटांत जवळपास सारखी होती: ५ आणि ४. म्हणजे प्रतिविषाने रुग्ण लवकर बरे झाले, हे दिसले; बिघाड टळतो, असे एवढ्या रुग्णांवरून म्हणता येत नाही. आकडे जेवढे सांगतात तेवढेच ऐकायचे, ही सवय विज्ञान शिकवताना लावण्यासारखी आहे.

विंचवाविना चढणारा दाब

विंचवाच्या विषाने रक्तदाब एकदम उसळला की क्वचित मेंदूतली वाहिनी फुटते किंवा मेंदूतल्या वाहिनीत गुठळी अडकते आणि रुग्णाला पक्षाघात होतो. अशा रुग्णांच्या नोंदी भारतात झाल्या आहेत. पण पक्षाघाताचे बहुसंख्य रुग्ण विंचवामुळे येत नाहीत. विष जे काही तासांत करते, तेच दुखणे उच्च रक्तदाब वर्षानुवर्षे, काही जाणवू न देता करत असतो. वाहिन्यांच्या भिंती जाड व ठिसूळ होतात, डावा कप्पा जाड होतो आणि एक दिवस तोंड वाकडे होते, हात लुळा पडतो, बोबडी वळते. पक्षाघाताची जी कारणे आपल्याला टाळता येतात, त्यांत उच्च रक्तदाबाचा क्रमांक पहिला आहे. दाब मोजल्याशिवाय कळत नाही, आणि गोळ्या मध्येच सोडल्या तर तो पुन्हा चढतो. घरातल्या आजोबांनी ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळी सोडली असेल, तर नातवाने हा धडा घरी सांगावा.

शाळेने काय करावे?

विंचू चावला तर चावा बांधू नये, कापू नये, चोखू नये. रुग्णाला धीर द्यावा, झोपवून ठेवावे, चावल्याची वेळ कागदावर लिहावी. वेदना फार म्हणजे धोका फार, असे समीकरण नाही. वेदना कमी आहे म्हणून निश्चिंत होऊ नये. उलटी, घाम, गार हातपाय, धाप यांपैकी काहीही दिसले, तर एक क्षणही घालवू नये. लहान मूल असेल तर लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठावा. राज्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. प्राझोसिन घरी देण्याचे औषध नाही. मात्रा वजनावरून डॉक्टर ठरवतात आणि गोळीनंतर रुग्णाला उभे केल्यास दाब एकदम खाली येऊन तो कोसळू शकतो.

याखेरीज एक काम वर्गाला देता येईल. मुलांनी आपापल्या वाडीतून जवळच्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता नकाशावर काढावा आणि अंतराऐवजी वेळ लिहावी: दिवसा किती, रात्री किती, पावसाळ्यात किती, बोट बंद असताना किती. प्राझोसिन आणि प्रतिविष कुठे मिळते, रात्री डॉक्टर असतात का, हे आरोग्य केंद्रात जाऊन विचारावे आणि तो तक्ता शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. औषध सापडून चाळीस वर्षे होत आली. आता मूल वाचते की नाही, हे बहुतेक वेळा त्या तक्त्यातल्या मिनिटांवर ठरते.