दोष कुणाचा? : लिस्बनच्या भूकंपाची गोष्ट



नवी सून घरात येते आणि महिन्याभरात गोठ्यातली म्हैस दगावते. लगेच कुणीतरी म्हणतं, "पांढऱ्या पायाची आहे." म्हशीला काय झालं होतं, हे विचारायचं राहूनच जातं. संकट आलं की आपण आधी दोषी शोधतो, कारण नंतर. आज आम्ही अशा एका भूकंपाची गोष्ट सांगणार आहोत, ज्यानं युरोपातल्या मोठमोठ्या लेखकांना याच सवयीबद्दल विचार करायला लावला.

लिस्बन ही पोर्तुगालची राजधानी. त्या काळी गोव्यावर राज्य होतं ते याच पोर्तुगालचं. १ नोव्हेंबर १७५५ हा ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा सण होता. चर्च माणसांनी भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. सकाळी साडेनऊच्या सुमारास जमीन हादरली आणि छतं प्रार्थना करणाऱ्यांच्याच अंगावर कोसळली. वाचलेले लोक मोकळी जागा म्हणून नदीकाठी धावले, तर तिथं समुद्राच्या लाटा चढून आल्या. मग आग लागली, ती कित्येक दिवस धुमसत राहिली. हजारो माणसं गेली.

मालाग्रिदा नावाच्या पाद्र्यानं सांगितलं, हा लोकांच्या पापाचा दंड आहे. पण सणाच्या दिवशी, देवाच्या दारात माणसं मेली होती. त्यांचं पाप कोणतं?

दुसरीकडे काही तत्त्वज्ञ म्हणत, देवानं शक्य तेवढं उत्तम जग घडवलं आहे, म्हणून जे वाईट दिसतं तेही शेवटी भल्यासाठीच असतं. आपण नाही का म्हणत, होतं ते चांगल्यासाठी? फ्रान्सचा लेखक व्हॉल्टेअर याला हे ऐकवेना. त्यानं लिस्बनवर एक मोठी कविता लिहिली आणि तान्ह्या लेकरांनी काय गुन्हा केला होता, असं विचारलं. पुढे १७५९ मध्ये त्याची ‘कांदीद’ ही कादंबरी आली. तिच्यात भूकंपानंतर लिस्बनमधले शहाणे लोक पुन्हा धक्का बसू नये म्हणून काही माणसांना जाळायचं ठरवतात. माणसं जाळली जातात आणि त्याच दिवशी जमीन पुन्हा हादरते. शेवटी कथेतली मंडळी वाद सोडून आपल्या मळ्यात कामाला लागतात.

रूसो या विचारवंतानं १७५६ मध्ये व्हॉल्टेअरला पत्र लिहून वेगळाच मुद्दा मांडला. सहा-सात मजल्यांची दाटीवाटीची घरं निसर्गानं बांधली नव्हती, माणसांनी बांधली होती. लोक विखरून, हलक्या घरांत राहत असते तर हानी कमी झाली असती. जर्मन तत्त्वज्ञ कांट त्या वेळी तरुण होता. त्यानं भूकंपाची कारणं जमिनीखाली शोधली. त्याचं उत्तर पुढे चुकीचं ठरलं, पण शोधायची जागा बरोबर होती.

पोर्तुगालचा मंत्री पोंबाल यानं गावोगावच्या चर्चकडे प्रश्न पाठवले: धक्का किती वेळ टिकला? समुद्र आधी मागे गेला की पुढे आला? नवं शहर उभारताना भिंतींच्या आत लाकडाचा सांगाडा घातला, म्हणजे घर हललं तरी कोसळू नये.

मैत्रिणींनो, ही गोष्ट आपल्यापासून लांबची नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीत भूकंप झाला, तेव्हा गणपती विसर्जन करून दमलेली माणसं झोपेत होती. त्यांचा जीव घेतला तो दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि वरच्या माळवदाच्या ओझ्यानं. तिथं पाप शोधून काय मिळालं असतं? भिंती कशा बांधायच्या हे शोधलं, तर पुढची पिढी वाचते.

देवावरची श्रद्धा सोडा, असं आम्ही म्हणत नाही. रूसोचीही देवावर श्रद्धा होतीच. पण उद्या घरात काही वाईट घडलं आणि कुणी सुनेच्या पायाकडे बोट दाखवलं, तर आपल्यातल्या एकीनं तरी विचारावं, "आधी सांगा, म्हशीला झालं काय होतं?"