पायथनमधला चल : नाव आणि किंमत

पायथन या संगणकभाषेत चल म्हणजे एखाद्या किमतीला दिलेले नाव. गुइडो व्हॅन रॉसम या डच संगणकतज्ज्ञाने १९९१ मध्ये ही भाषा प्रसिद्ध केली. चल वापरण्याआधी त्याचा प्रकार जाहीर करावा लागत नाही, हे ती नवशिक्यांना सोपी वाटण्याचे मोठे कारण. २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलाचे नाव देवनागरीतही देता येते. इंद्रायणीकाठच्या इंदुरीतला विद्यार्थी घरच्या भाताचा हिशेब असा मांडू शकतो :

पोती = 40
पोती = पोती + 5

बीजगणितात दुसरी ओळ अशक्य आहे. कोणतीही संख्या स्वतःपेक्षा पाचने मोठी नसते. इथे मात्र बरोबरचे चिन्ह ही आज्ञा आहे. आधी उजवी बाजू मोजली जाते : ४० अधिक ५, म्हणजे ४५. मग डावीकडचे नाव ४५ ला जोडले जाते. समानता तपासायची असेल तर बरोबरची दोन चिन्हे लागोपाठ लिहावी लागतात.

चल म्हणजे किंमत ठेवायची जागा, असे बहुधा शिकवले जाते. सी भाषेत ते खपते, पायथनमध्ये मात्र पुढे घोळ होतो. पायथनमधले नाव पोत्याला बांधलेल्या चिठ्ठीसारखे असते, आणि एका पोत्याला दोन चिठ्ठ्याही बांधता येतात :

वाण = ["इंद्रायणी"]
यादी = वाण

आता 'यादी'त आंबेमोहोर हा भाताचा दुसरा वाण घातला की 'वाण'मध्येही तो दिसतो, कारण यादी मुळात एकच आहे. वेगळी हवी असेल तर तिची प्रत मुद्दाम करावी लागते. संख्यांबाबत हा प्रश्न येत नाही. ४० ही संख्या कधीच बदलत नाही, फक्त नाव दुसरीकडे जाते.

देवनागरी नावांना काही पथ्ये आहेत. नावात मोकळी जागा चालत नाही, सुरुवातीला अंक चालत नाही. 'पोती' आणि 'पोति' हे दोन वेगळे चल ठरतात. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीने इथे आज्ञावली थांबू शकते. काही कळफलक जोडाक्षरात न दिसणारे जोडचिन्ह घालतात, तेही पायथन नाकारते. आज्ञेतले आकडे इंग्रजी अंकांतच लिहावे लागतात, आणि भाषेचे राखीव शब्द रोमनच राहतात.

एवढी पथ्ये सांभाळूनही पहिल्या धड्यांत चलांची नावे मराठीतच असावीत. एका अक्षराच्या परक्या नावापेक्षा 'पोती' वाचताना कोणती किंमत मोजली जात आहे, हे मुलाला लगेच कळते.