मातीतले टाके

खितान लोकांच्या लियाओ राजवटीतली एक सुरई आहे. भाजलेल्या मातीची, वर हिरवी झिलई, कड कोंबड्याच्या तुऱ्यासारखी. नीट पाहिलं की कडेला बारीक टाके दिसतात. मातीला टाके कशाला? तर तो घाट खोगिराला लटकवायच्या कातडी मशकेचा. कुंभारानं मशक घडवली, आणि तिची शिवणही सोडली नाही. खितान लोकांची कला मला या टाक्यांपासून बघायला आवडते.

खितान मूळचे आजच्या इनर मंगोलियातले, शिरा मुरेन नदीकाठचे मेंढपाळ आणि घोडेस्वार. ९०७ मध्ये येलू आबाओजी त्यांचा खान झाला आणि ९१६ मध्ये सम्राट म्हणवू लागला. ९२६ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या राणीनं, शुलू पिंगनं, स्वतःचा उजवा हात मनगटापासून तोडून नवऱ्याच्या थडग्यात ठेवला आणि नंतर कितीतरी वर्षं राजकारण केलं. १००५ च्या तहानंतर चीनचा सोंग दरबार खितानांना दरसाल एक लाख तैल चांदी आणि दोन लाख ताके रेशीम देऊ लागला. त्याला खंडणी म्हणायचं मात्र सोंग दरबार टाळत असे. आपल्याला चौथाई आठवणारच.

पाच राजधान्या होत्या, तरी दरबार ऋतूप्रमाणे तंबू हलवत फिरायचा. वसंतात ससाणे सोडून हंसांची शिकार, शरदात हरणांची.

१९८६ मध्ये इनर मंगोलियातच लियाओ राजघराण्यातल्या चेन राजकन्येचं थडगं उघडलं. १०१८ मध्ये ती गेली तेव्हा जेमतेम अठरा वर्षांची होती. चेहऱ्यावर सोन्याचा मुखवटा, अंगभर चांदीच्या तारांची जाळी, पायांत सोन्याचा मुलामा दिलेले चांदीचे बूट. बाजूला नवरा, तोही असाच जाळीत गुंडाळलेला. सोबत ढिगानं अंबर, इस्लामी देशांतली काचभांडी. मुखवटा बघताना सोन्यापेक्षा त्या मुलीच्या वयाचाच विचार येतो.

इमारती बांधायला घेतल्या तेव्हाही हात आखडला नाही. शान्शी प्रांतातला यिंगश्यानचा लाकडी पॅगोडा १०५६ चा, सुमारे ६७ मीटर उंच. लाकूड लाकडात अडकवून उभा केलेला, भूकंप सोसून आजही तिथंच आहे. १९७४ मध्ये त्यातल्या बुद्धमूर्तीच्या पोटातून लियाओकालीन छापील सूत्रं निघाली.

लिपीचं नशीब मात्र उलटं. आबाओजीच्या काळात दोन लिप्या तयार झाल्या, एक मोठी, एक छोटी. समाधीलेख हाती आहेत, अक्षरं ठळक आहेत, पण पूर्ण वाचता येत नाहीत.

११२५ मध्ये जुर्चेन लोकांनी लियाओ राज्य बुडवलं. राजघराण्यातला येलू दाशी उरलेली माणसं घेऊन पश्चिमेला निघून गेला होता. त्यानं मध्य आशियात नवं राज्य उभारलं आणि ११४१ मध्ये समरकंदजवळ सेल्जूक सुलतान संजरला हरवलं. ती बातमी युरोपात पोचेपर्यंत दाशीचा विजयी ख्रिस्ती राजा झाला होता!

खितानांचं नाव मात्र सगळीकडे फिरलं. रशियन माणूस आजही चीनला 'कितय' म्हणतो, जुना युरोप 'कॅथे' म्हणायचा, फारसीत 'खता' झालं. आपल्या बेकरीतल्या नानखटाईची फोडही काही कोशांत 'नान' म्हणजे रोटी आणि 'खताई' म्हणजे खता देशाची, अशी दिलेली असते. बिस्किटाशी खितानांचा संबंध तेवढाच, नावापुरता.